डार्वेनला आलेला पाहुणा

मंडळी, इंग्लंडात लँकेशायर म्हणून एक परगणा आहे. कापडाचा मुलूख! तिथल्या डार्वेन गावी एका गिरणीचे नावच ‘इंडिया मिल’. तिचे १८६७ साली पुरे झालेले धुरांडे तीनशे फुटांहून उंच. लँकेशायरची जुनी माणसे सांगत, की पहाटे लाकडी तळाच्या जोड्यांचा खडखडाट सुरू झाला की गाव जागे होई. मागखात्यात गोंगाट एवढा, की बायका एकमेकींचे बोलणे ओठांवरून ओळखत.

ब्लॅकबर्न-डार्वेनच्या मागांवर आपल्याकडची धोतरे विणली जात, हे ठाऊक आहे का तुम्हाला? पहिल्या महायुद्धानंतर हा धंदा बसू लागला. आपल्या गिरण्या वाढल्या, जपानी माल आला आणि १९३० साली आपण विलायती कापडावर बहिष्कार घातला. तिकडे गिरण्यांना कुलपे लागली.

आणि १९३१ च्या सप्टेंबरात त्याच डार्वेनला गांधीजी गेले! गोलमेज परिषदेसाठी ते विलायतेत होते. आता बघा, ज्याच्यामुळे पोटावर पाय आला, त्याचे स्वागत कोण करील? पण त्या दिवशीचे छायाचित्र आहे. गिरणीतल्या बाया गांधीजींभोवती दाटीने उभ्या, हात उंचावून जयघोष करताहेत. आणि त्यांनी काही गोड बोलून वेळ मारून नेली नव्हती. तुमची बेकारी पाहून वाईट वाटते, पण आमच्या खेड्यांतली उपासमार याहून फार मोठी आहे, असेच ते लँकेशायरच्या कामगारांना सांगत होते. बहिष्कार मागे घेतो असे काही म्हणाले नाहीत.

कापसाचे काम तिथून विसाव्या शतकातच उठले. इंडिया मिलचे धुरांडे मात्र अजून उभे आहे.