मारुती ८०० : पंचवीस वर्षांचा जमाखर्च

स्मरणिकेत इमारतीचा इतिहास आपले माजी सचिव लिहीत आहेत, म्हणून त्यात मी ढवळाढवळ करत नाही. मी लिहिणार आहे तो पार्किंगचा इतिहास, आणि तोही एका छोट्या गाडीच्या निमित्ताने. आपल्या सोसायटीची नोंदणी २००१ साली झाली आणि त्याच वर्षी दसऱ्याला आमची पांढरी मारुती ८०० जागा क्रमांक सातवर येऊन उभी राहिली. ती आजही तिथेच आहे. जन्मभर बँकेत खतावण्या तपासल्यामुळे या गाडीच्या पहिल्या लिटरपासूनचा हिशेब माझ्याकडे लिहिलेला आहे. लेखाला आधार त्या वहीचा.

आजच्या तरुण सभासदांना खरे वाटणार नाही, पण आमच्या नोकरीच्या सुरुवातीला मोटार घ्यायची म्हणजे कुर्ल्याला तयार होणारी फियाट, जिला पुढे प्रीमियर पद्मिनी नाव मिळाले, नाहीतर बंगालमधल्या उत्तरपाड्याची अँबॅसिडर. तिसरे नाव घ्यायला फारसा वाव नव्हता. पैसे असले तरी नंबर लावून वाट बघायची. मोटारीचे सोडा, आकुर्डीला आपल्या दारात बनणाऱ्या बजाज स्कूटरसाठीसुद्धा पुणेकर वर्षानुवर्षे थांबत. जुनी फियाट घेणाऱ्याने आधी चांगला मिस्त्री गाठावा आणि मग गाडी, असे लोक म्हणत. ती नुसती गंमत नव्हती.

सर्वसामान्यांसाठी छोटी गाडी, ही कल्पना तशी जुनी. संजय गांधींची मारुती लिमिटेड १९७१ साली निघाली, पण तिची गाडी काही बाजारात आली नाही आणि कंपनी बंद पडली. जून १९८० मध्ये संजय गांधींचे अपघाती निधन झाले. त्यानंतर सरकारने तो उद्योग ताब्यात घेतला आणि फेब्रुवारी १९८१ मध्ये मारुती उद्योग ही सरकारी कंपनी स्थापन झाली. ऑक्टोबर १९८२ मध्ये जपानच्या सुझुकीशी करार झाला. सुरुवातीला सुझुकीचा हिस्सा फक्त २६ टक्के होता. पहिल्या गाडीची किल्ली पंतप्रधान इंदिरा गांधींनी १४ डिसेंबर १९८३ रोजी ग्राहकाच्या हाती दिली. तो संजय गांधींचा जन्मदिवस होता. बुकिंगसाठी दहा हजार रुपये आगाऊ भरायचे होते, तरी लाखाहून अधिक लोकांनी ते भरले.

दिल्लीत तिची किंमत होती साडेसत्तेचाळीस हजारांच्या आसपास. माझा तेव्हाचा पगार दोन हजारांच्या आत. म्हणजे दोन वर्षे घरात चूल पेटवली नाही तर गाडी! वर्तमानपत्रे तिला सामान्य माणसाची गाडी म्हणत होती, पण आमच्या शाखेतल्या एकाही सामान्य माणसाने ती घेतली नाही. बँकेत मोटार ही चैन समजली जाई. शेतकऱ्याची विहीर, कारखानदाराचे यंत्र, दुकानदाराचा माल यासाठी कर्ज. घरगुती मोटारीसाठी अर्ज घेऊन येणाऱ्याकडे शाखाधिकारी जरा वाकड्या नजरेनेच बघत. १९९१ नंतर वारे बदलले. नव्वदीच्या अखेरीस त्याच बँकांतून वाहनकर्जाची उद्दिष्टे ठरू लागली आणि ती गाठली नाहीत म्हणून आम्ही वरिष्ठांची बोलणी खाऊ लागलो. टेबल तेच, माणसेही तीच, फक्त काल ज्याला चैन म्हणत होतो तो आज धंदा झाला होता.

आम्ही गाडी घ्यायचे ठरवले तोवर बाजारात निवडीला भरपूर वाव होता. १९९८ मध्ये सँट्रो आली, मॅटिझ आली, वर्षअखेरीस टाटांची इंडिकाही आली. इंडिका तर आपल्या पिंपरीची. घरात तिच्या बाजूने दोन मते होती. तरीही मी ८०० घेतली, कारण बँकेत एक गोष्ट शिकलो होतो : कर्जदार चांगल्या दिवसांत कसा वागतो ते पाहू नये, वाईट दिवसांत त्याचे काय होईल ते पाहावे. गाडीलाही तोच नियम लावला. साताऱ्याच्या अलीकडे ही बंद पडली तर कोण दुरुस्त करील? तिचा सुटा भाग रविवारी मिळेल का? या दोन प्रश्नांची उत्तरे ८०० इतकी सोपी दुसऱ्या कुठल्याच गाडीने दिली नाहीत. तेव्हा ती रस्त्यावर येईपर्यंत दोन लाख चाळीस हजारांच्या आसपास पडली. पेट्रोल लिटरला तीस-बत्तीस रुपये होते, आज शंभरीच्या वर आहे.

गाडीत होते तरी काय? ७९६ सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन, ३७ अश्वशक्ती, बारा इंची चाके. पॉवर स्टिअरिंग नाही, काचा हाताने फिरवून वर-खाली करायच्या. चार माणसे आणि एसी घेऊन कात्रजचा जुना घाट चढताना एसी बंद करावा लागे, आणि तो कोणी बंद करायचा हे घरात सर्वांना पाठ होते.

आता हिशेब. आजवर गाडी १ लाख २१ हजार किलोमीटर चालली. सरासरी लिटरला सोळा धरली तर साडेसात हजार लिटर पेट्रोल झाले. टायरचे चार संच, सहा बॅटऱ्या, तीन टायमिंग बेल्ट, दोनदा क्लच प्लेट, एकदा रेडिएटर. इंजिन एकदाही खोलले नाही. जास्तीत जास्त खर्च झाला तो पत्र्यावर. दारांच्या खालच्या कडा आणि पायाखालची जमीन गंजते. ती वेळच्या वेळी वेल्डिंग करून, रंगवून घ्यावी लागते. पेट्रोल, विमा आणि कर सोडून दुरुस्ती-देखभालीचा खर्च पंचवीस वर्षांत १ लाख ३८ हजार ४०० रुपये, म्हणजे किलोमीटरमागे सव्वा रुपयाच्या आत.

हा खर्च कधी बोचला नाही, कारण पहिल्या महिन्यापासून गाडीच्या नावे पाचशे रुपये वेगळे टाकत गेलो. ही माझी अक्कल नव्हे. आपल्या उपविधीतच ते लिहिले आहे : बांधकाम खर्चाच्या दरसाल किमान पाऊण टक्का दुरुस्ती निधी आणि किमान पाव टक्का सिंकिंग फंड. वस्तू झिजणार हे तिच्या पहिल्या दिवशीच मान्य करायचे, आणि झिजेपर्यंत थोडे थोडे बाजूला टाकायचे. दर सर्वसाधारण सभेत या निधीवरून आपल्याकडे आवाज चढतात. चढोत बापडे. पण गच्चीचे वॉटरप्रूफिंग करताना कोणापुढे हात पसरावा लागला नाही तो याच पैशामुळे.

२००१ साली आपल्या चोवीस घरांत चारच मोटारी होत्या. ओला-उबर तेव्हा नव्हते आणि रात्री दोनला रिक्षा मिळणे दुर्मिळ. त्यामुळे या चार गाड्या कागदोपत्री चौघांच्या असल्या तरी अडीअडचणीला सगळ्या सोसायटीच्या होत्या. आमच्या गाडीतून दोन बाळे दवाखान्यातून घरी आली. ती दोन्ही आता कॉलेजात आहेत. तीन सभासदांना मध्यरात्री रुग्णालयात नेले. त्यातले दोघे परत आले. इमारतीतली निदान अर्धा डझन मुले-मुली हिच्यावर गाडी शिकली. वर ज्या दोन क्लच प्लेट लिहिल्या, त्यातली एक त्यांच्या खाती जमा धरावी.

२५ सप्टेंबर २०१९ ची रात्र कोणी विसरलेले नाही. आंबिल ओढ्याला पूर आला, दक्षिण पुण्यातल्या कितीतरी सोसायट्यांतून गाड्या वाहून गेल्या, माणसे दगावली. त्या मानाने आपण थोडक्यात सुटलो, तरी पार्किंगमध्ये सीटच्या वर पाणी होते. नव्या गाड्या टो करून नेल्या आणि त्यातल्या दोन इलेक्ट्रॉनिक भागांच्या खर्चामुळे विमा कंपनीकडून निकाली निघाल्या. आमच्या ८०० चे सीट, कार्पेट काढून चार दिवस उन्हात टाकले. मिस्त्रींनी ऑइल दोनदा बदलले, वायरिंगचे सांधे एकेक करून पुसले, कंट्रोल युनिट उघडून वाळवले. तिसऱ्या आठवड्यात ती सुरू झाली. याचा अर्थ जुने ते सोने असा कोणी घेऊ नये. अपघात झाला तर त्या नव्या गाडीतल्या एअरबॅगा जीव वाचवतील, आमच्या गाडीत त्या नाहीत. म्हणून गेली काही वर्षे मी ती हायवेला नेत नाही.

नवी ८०० पुण्यात मिळणे १ एप्रिल २०१० पासून थांबले. त्या दिवशी तेरा शहरांत भारत स्टेज चार हे प्रदूषणाचे निकष लागू झाले; त्यात आपल्या राज्यातली मुंबई, पुणे आणि सोलापूर होती. जानेवारी २०१४ मध्ये उत्पादनच बंद झाले. तरी सुटे भाग अडले नाहीत, कारण इंजिनाचे बरेच भाग ओम्नीचेही होते आणि ओम्नी पुढे २०१९ पर्यंत चालली. बाकी नाना पेठ आहेच.

या काळात आपले पार्किंग मात्र पार बदलले. चार मोटारींच्या आज एकतीस झाल्या आणि जागा आहेत अठरा. गाड्याही वाढत्या अंगाच्या. ८०० ची लांबी ३३३५ मिलिमीटर आणि रुंदी १४४० मिलिमीटर. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या छोट्या गाड्यांना अबकारी करात सवलत मिळाली, तेव्हापासून कंपन्या लांबी चार मीटरच्या आत ठेवतात, पण रुंदी आणि उंचीला असा लगाम नाही. दोन खांबांमध्ये पूर्वी गाडी लावून दार सताड उघडता येई, आता पोट आत घेऊन उतरावे लागते.

पार्किंगवरून आपल्याकडे झालेले वाद मी इथे उगाळत नाही. फक्त ३१ ऑगस्ट २०१० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाची आठवण करून देतो. तो खटला मुंबईच्या एका गृहनिर्माण सोसायटीचाच होता. स्टिल्टमधली किंवा उघड्यावरची पार्किंगची जागा बिल्डरला स्वतंत्रपणे विकता येत नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. म्हणजे क्रमांक सातवरची गाडी माझी, पण क्रमांक सात सोसायटीचा. हे वाक्य मी सभेत अनेकदा बोललो आहे, आणि आता ते मलाच लागू करायची वेळ आली आहे.

गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. आमची २०१६ ला संपली, पर्यावरण कर भरून, तपासणी करून पाच वर्षे वाढवली. २०२१ ला पुन्हा वाढवली. आता येत्या ऑक्टोबरात पुन्हा मुदत संपते. नूतनीकरणाचे शुल्क एप्रिल २०२२ मध्ये सहाशेवरून पाच हजार झाले आणि गेल्या ऑगस्टात वीस वर्षांवरच्या मोटारींसाठी दहा हजार. शिवाय पर्यावरण कर, विमा, पीयूसी, पुन्हा पत्र्याचे काम. गेल्या वर्षी गाडी जेमतेम नऊशे किलोमीटर चालली. तेवढ्यासाठी रिक्षा कितीतरी स्वस्त पडते. माझ्या लायसन्सची मुदतही याच वर्षी संपते आणि रात्री समोरून येणारे दिवे आता मला फार मोठे दिसतात.

घरात सौ.चा आग्रह आहे की आणखी पाच वर्षे काढावीत. मुलगा फोनवर म्हणतो, "बाबा, तुम्हाला हवी तर ठेवा." पण प्रतीक्षा यादीत वरचे नाव ज्या घराचे आहे, त्यांच्याकडे दोन लहान मुले आणि व्हीलचेअरवरची आजी आहे. त्यांची गाडी आज रस्त्यावर उभी असते आणि पावसात आजींना फाटकापासून उचलून आणावे लागते. हा जमाखर्च मांडायला खतावणी लागत नाही. ऑक्टोबरात मी नूतनीकरण करणार नाही. गाडी नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात रीतसर देऊन प्रमाणपत्र घेईन आणि जागा क्रमांक सात समितीच्या ताब्यात लेखी देईन.

गाडीच्या खात्यात तोवर दीड लाख रुपये जमा झालेले असतील. नवा काही खर्च निघाला नाही तर शिल्लक ११,६०० रुपये. ती सोसायटीच्या दुरुस्ती निधीत वर्ग करावी, पावती सौ.च्या नावे द्यावी, अशी खजिनदारांना विनंती. वही कोणाला पाहायची असल्यास संध्याकाळी सहानंतर मी घरीच असतो.