दोन पायांचा प्लग

श्रोतेहो, इस्त्री तापवायची तर आपण काय करतो? प्लग भिंतीत खोचतो, बटण दाबतो, झालं! पण हे एवढं सोपं पूर्वी नव्हतं बरं का.

अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यात ब्रिजपोर्ट नावाचं कारखान्यांचं गाव आहे. तिथे 1888 साली हार्वे हबेल यांनी आपली कर्मशाळा काढली. सुरुवातीचा माल विजेचा नव्हताच. दुकानदाराला पुडीचा कागद फाडायला सोपं जावं म्हणून दातेरी पात्याची चौकट, असा तो माल. मग त्यांचं लक्ष विजेकडे वळलं. 1896 साली त्यांनी साखळी ओढून दिवा लावण्या-विझवण्याचा होल्डर काढला.

त्या काळी घरांत वीज आली होती ती मुख्यतः दिव्यांसाठी. पंखा किंवा इस्त्री चालवायची तर दिवा काढून त्याच्या होल्डरात वायर पिळून बसवायची, नाहीतर उघड्या तारा जोडायच्या. ठिणगी उडे, झटका बसे. जाणत्या माणसाशिवाय हे काम होत नसे.

1904 साली हबेल यांना नव्या जोडणीचं पेटंट मिळालं. तिचे दोन भाग. एक भाग दिव्याच्या होल्डरात फिरवून कायमचा बसवायचा. दुसरा, दोन पिनांचा, उपकरणाच्या वायरीला. हवं तेव्हा खोचा, हवं तेव्हा उपसा! विजेचं ज्ञान नसलेल्या माणसालाही ती निर्धोक वापरता यावी, हा आपला हेतू त्यांनी पेटंटातच नमूद केला. पुढे त्यांच्या कारखान्यातून चपट्या पिनांचे प्लग निघाले, आणि खोचून फिरवल्यावर अडकून बसणारे, हिसक्याने न सुटणारे प्लगही. हबेल 1927 साली वारले. त्यांच्या नावाची कंपनी आजही आहे.

आपल्याकडचा प्लग मात्र ब्रिटिश वळणाचा, गोल पिनांचा. त्यातली तिसरी पिन जाड आणि लांब असते. ती अर्थिंगची. लांब असल्यामुळे ती सर्वांआधी जोडली जाते आणि सर्वांनंतर सुटते. यंत्राच्या पत्र्यात वीज उतरली, तर ती याच वाटेने जमिनीत जाते.

आणि आपण काय करतो? प्लग मोडला की वायरीची टोकं सोलून भोकांत घालतो, वर काडेपेटीच्या काड्या ठोकतो! म्हणजे 1904 च्या मागे जातो. अर्थिंग तर गेलंच. शिवाय तार सैल राहिली की तिथे विजेला अडथळा वाढतो आणि जागा तापते. गुरुजींनी मुलांना हे फळ्यावर जरूर सांगावं : अडथळा तोच राहून प्रवाह दुप्पट झाला, की उष्णता चौपट होते. कडबा, गोठा पेटायला आणखी काय लागतं?

तेव्हा मंडळी, काडी चुलीसाठी ठेवा. मोडका प्लग आजच बदला.