अतिसक्रिय थायरॉइडवरील औषधे : परिणाम सावकाश, दक्षता सुरुवातीपासून

गळ्याच्या पुढील भागात असलेली थायरॉइड अर्थात अवटू ग्रंथी टी-४ आणि टी-३ ही संप्रेरके तयार करते. शरीराच्या चयापचयाचा वेग त्यांवर अवलंबून असतो. ती गरजेपेक्षा अधिक स्रवू लागली की छातीत धडधड, हातांना कंप, घाम आणि भूक असूनही वजन घटणे ही लक्षणे दिसतात. याचे सर्वाधिक आढळणारे कारण ग्रेव्हज् आजार हे आहे. त्यात शरीराने निर्माण केलेली प्रतिपिंडे ग्रंथीला सतत उत्तेजित करतात.

आयोडीनपासून संप्रेरक घडवण्यासाठी ग्रंथीला थायरॉइड पेरॉक्सिडेज या विकराची गरज असते. थायरॉइडविरोधी औषधे या विकराला अटकाव करतात. अमेरिकी वैद्य एडविन ॲस्टवूड यांनी १९४३ मध्ये या उपचारपद्धतीचा पाया घातला. भारतात प्रामुख्याने कार्बिमाझोल दिले जाते. शरीरात त्याचे रूपांतर मेथिमाझोलमध्ये होते. प्रोपिलथायोयुरासिल हे या गटातील दुसरे औषध आहे.

ही औषधे नवे संप्रेरक तयार होऊ देत नाहीत. मात्र ग्रंथीत आधीच साठलेल्या संप्रेरकावर त्यांचा परिणाम होत नाही. तो साठा संपेपर्यंत काही आठवडे जातात. त्यामुळे आराम लगेच पडला नाही, म्हणून औषध निरुपयोगी ठरले असे समजणे चुकीचे आहे. दरम्यान, धडधड आणि कंप कमी करण्यासाठी प्रोप्रानोलॉलसारखे औषध दिले जाते. याउलट, ग्रंथीला सूज येऊन साठलेले संप्रेरक रक्तात झिरपत असेल, तर थायरॉइडविरोधी औषधांचा उपयोग होत नाही. म्हणून उपचारापूर्वी आजाराचे कारण निश्चित करणे आवश्यक असते.

ग्रेव्हज् आजारात उपचार साधारणपणे १२ ते १८ महिने चालतो आणि रक्ततपासणीनुसार मात्रा बदलली जाते. औषध थांबवल्यानंतर सुमारे निम्म्या रुग्णांमध्ये आजार उलटतो. अशा वेळी पुन्हा औषधे, किरणोत्सारी आयोडीन किंवा शस्त्रक्रिया हे पर्याय असतात.

अंगावर पुरळ आणि खाज हे नेहमीचे दुष्परिणाम आहेत. क्वचित, बहुधा पहिल्या तीन महिन्यांत, संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी धोकादायक प्रमाणात घटतात. त्यामुळे ताप, घसा दुखणे किंवा तोंडात व्रण आढळल्यास औषध थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना भेटावे आणि पांढऱ्या पेशींची तपासणी करून घ्यावी. अशा तापाला साधा ताप समजून घरगुती उपचार करत राहणे जिवावर बेतू शकते. कावीळ किंवा गडद लघवी हे यकृताला इजा झाल्याचे लक्षण असू शकते. प्रोपिलथायोयुरासिलमुळे यकृताला गंभीर इजा होण्याचा धोका अधिक असतो. तरीही गर्भारपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत सहसा याच औषधाला पसंती दिली जाते, कारण कार्बिमाझोलमुळे गर्भात जन्मजात व्यंग निर्माण होण्याची जोखीम जास्त असते. गर्भधारणेचा विचार असलेल्या महिलांनी त्याची कल्पना डॉक्टरांना आधीच द्यावी.