घरासमोरील वाहन, दंड आणि हरकत

स्वतःच्या दारासमोर लावलेल्या वाहनाला दंड झाला की नागरिकांना तो अन्याय वाटतो. बारामती व इंदापूरच्या जुन्या वस्त्यांत अनेकांना रस्त्याखेरीज वाहन लावण्यास जागाच नसते. परंतु रस्ता सार्वजनिक असल्याने ‘घर माझेच आहे’ हा बचाव कायद्यापुढे टिकत नाही. महत्त्व असते ते जागा, पाटी आणि तारीख यांच्या पुराव्याला.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ११७ नुसार वाहने उभी करण्याच्या जागा राज्य शासन किंवा त्याने प्राधिकृत केलेला अधिकारी स्थानिक संस्थेशी, म्हणजे येथे नगर परिषदेशी, विचारविनिमय करून ठरवतो. मनाईचा आदेश होता काय आणि पाटी दिसत होती काय, हे प्रथम तपासावे. आदेशाची प्रत माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली मागता येते. सम-विषम तारखांची व्यवस्था असल्यास छायाचित्रावरील तारीख निर्णायक ठरते. संत तुकाराम महाराजांची पालखी दोन्ही गावांत मुक्कामी असते; अशा काळातील तात्पुरत्या आदेशाची मुदतही पाहावी. मात्र पदपथ, वळण, बसथांबा किंवा दुसऱ्याचे प्रवेशद्वार अडवल्यास पाटी नव्हती ही सबब चालत नाही.

ई-चलान मिळताच वाहन क्रमांक, स्थळ, वेळ व छायाचित्र पडताळावे. जागेची स्वतः छायाचित्रे घ्यावीत. हरकत वाहतूक पोलिसांच्या ई-चलान तक्रार सुविधेवर किंवा लेखी अर्जाने पुणे ग्रामीण पोलिसांकडे नोंदवावी व पोच घ्यावी. चलान पोलिसांचे असल्यास एम.एच.-४२ क्रमांक देणाऱ्या बारामतीच्या परिवहन कार्यालयात खेटे घालण्याचे कारण नाही.

घाईने दंड भरू नये. कलम २०० नुसार तडजोड रक्कम भरताच प्रकरण मिटते आणि वादाला वाव उरत नाही. हरकत फेटाळली गेल्यास प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे गुन्हा नाकबूल करता येतो; मग आरोप पुराव्याने शाबीत करण्याची जबाबदारी सरकार पक्षावर येते. लोकअदालत ही तडजोडीची जागा आहे. तिचा निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही.

२०१९ च्या दुरुस्तीने कलम १७७ खालील दंडाची मर्यादा पहिल्या गुन्ह्यास १०० वरून ५०० रुपये व पुढील गुन्ह्यांस ३०० वरून १,५०० रुपये केली. रोज त्याच जागी वाहन लावणाऱ्यास दुसरे चलान तिप्पट महाग पडू शकते. त्यामुळे पहिल्याच चलानाच्या वेळी जागेचा खुलासा करून घेणे हिताचे ठरते.