मालक कोण? लपवलेल्या मालकाचा इतिहास

नोकरी लागते तेव्हा मालक कोण हे कोणी विचारत नाही. नोकरी जाते तेव्हा ते विचारावे लागते. पीएफ अडकलेला असतो, ईएसआयचे कार्ड बंद पडलेले असते, थकलेला पगार मागायचा असतो आणि कागदावर सही कोणाची घ्यायची हेच कळत नाही. ज्या गेटातून माणूस दहा वर्षे आत गेला ती कंपनी म्हणते, तू आमच्या मस्टरवर नव्हतासच. ज्याने दर महिन्याला पगार हातावर ठेवला तो ठेकेदार म्हणतो, माझा ठेका संपला, मी काय करू? अंबरनाथ पश्चिमेचा बुवापाडा आणि त्याच्या आसपासच्या वस्त्यांतून माणसे रोज सकाळी एमआयडीसीत, उल्हासनगरच्या जीन्सच्या कारखान्यांत आणि लोकल पकडून मुंबईला कामाला जातात. त्यांच्या तोंडून हे गाऱ्हाणे आम्ही इतक्यांदा ऐकले आहे की ते एकट्यादुकट्याचे नशीब मानायला आम्ही तयार नाही.

मालक आपोआप हरवत नाही, त्याला लपवले जाते. आणि आमचे म्हणणे असे आहे की लपलेला मालक कसा शोधायचा हे या देशाच्या कायद्याला ७५ वर्षांपूर्वी नीट माहीत होते. ते ज्ञान पुढे टप्प्याटप्प्याने मोडीत काढले गेले. त्याची सर्वात मोठी किंमत झाडू हातात असलेल्या आपल्या माणसांनी मोजली.

सुरुवात मुंबईच्या गिरण्यांपासून करू. गिरणीचा मालक कामगाराला स्वतः कामावर घेत नसे. ते काम जॉबरचे. कोणाला साच्यावर उभे करायचे, कोणाला बदली म्हणून दाराशी ताटकळत ठेवायचे, हे जॉबर ठरवी आणि त्यासाठी दस्तुरी घेई. नफा मालकाचा, पण भरतीची बोलणी, लाच आणि शिव्या जॉबरच्या नावावर. जॉबर आपल्या गावचे, आपल्या जातीचे लोक आणी. म्हणजे कामावर कोण येणार हे जात ठरवत होती आणि मालक नामानिराळा राहत होता. विणकाम खात्यात तर अस्पृश्यांना शिरकावच नव्हता, कारण धोट्यातून सूत तोंडाने ओढावे लागे आणि सवर्ण कामगारांना विटाळ चालत नसे. पगार चांगला होता तो याच खात्यात. १९२८-२९ च्या संपांच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाडला रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. तिथे त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे कामगारांचे दोन शत्रू सांगितले. हे दोन शत्रू एकमेकांच्या आडोशाने कसे उभे राहतात हे पाहायचे असेल तर जॉबरकडे पाहावे.

जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर मंत्री झाले आणि १९४६ पर्यंत त्या पदावर होते. त्यांच्याच कारकिर्दीत, १९४३ मध्ये, प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम सोपवले गेले. आडारकरांनी १९४४ मध्ये अहवाल दिला. त्यातून पुढे १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा, म्हणजे आपण ज्याला ईएसआय म्हणतो तो, उभा राहिला. कायदा संमत झाला तेव्हा मजूर खाते बाबू जगजीवनराम यांच्याकडे होते. बाबासाहेबांनीच तो कायदा लिहिला असे काही जण ठोकून देतात. त्याची गरज नाही. पाया त्यांच्या काळात घातला गेला, एवढे सत्य पुरेसे मोठे आहे.

या कायद्याने मालकाच्या लपाछपीवर साधा उपाय केला. त्याने मालक दोन प्रकारचे मानले. एक मुख्य मालक, म्हणजे ज्याचा कारखाना आहे किंवा आस्थापनेवर ज्याची देखरेख आहे तो. दुसरा निकटचा मालक, म्हणजे ठेकेदार किंवा माणसे पुरवणारा. कामगार कारखान्याच्या आवारात काम करतो, किंवा मुख्य मालकाच्या देखरेखीखाली काम करतो, एवढे पुरे. मग त्याला थेट नेमले की ठेकेदाराने आणले, हा प्रश्न उरत नाही. विम्याची वर्गणी, मालकाच्या वाट्याची आणि कामगाराच्या वाट्याचीही, प्रथम मुख्य मालकाने भरायची. ठेकेदाराकडून वसुली करायची असेल तर ती नंतर त्याने आपली आपण करावी.

यातली मेख नीट लक्षात घ्या. ठेकेदार आणि कंपनी यांच्यातला हिशेब त्या दोघांचा. कामगाराने त्यांच्या भांडणात पडायचे कारण नाही. मालक शोधण्याचे ओझे कायद्याने कामगाराच्या डोक्यावरून उतरवले होते.

न्यायालयानेही एके काळी हीच वाट धरली. हैदराबादच्या रॉयल टॉकीज या सिनेमागृहात कॅन्टीन आणि सायकल स्टँड ठेक्याने दिलेले होते. चहा देणारे आणि सायकली सांभाळणारे आमचे कामगार नाहीत, असे टॉकीजवाल्यांचे म्हणणे होते. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळले. सिनेमागृहाच्या धंद्याला पूरक असे काम त्याच आवारात चालते, तेव्हा विम्याच्या दृष्टीने मुख्य मालक सिनेमागृहवालाच. त्याच वर्षी केरळातल्या कोळिकोडच्या एका दोरखंड कारखान्याचा खटला न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्यापुढे आला. तिथेही माणसे ठेकेदारामार्फत होती. निकालाचे सार असे, की कामगारांच्या श्रमातून निघणारा माल ज्याच्या धंद्यासाठी आहे आणि ज्याने हात आखडता घेतला तर त्यांची चूल विझते, तोच त्यांचा मालक. मधले पडदे बाजूला सारून पाहा, असे न्यायालयाने सांगितले.

दुसरी वाट बंदरात आणि बाजारात सापडली. गोदीतला कामगार आज एका जहाजावर, तर उद्या दुसऱ्या. त्याचा मालक कोण म्हणायचा? १९४८ च्या गोदी कामगार कायद्याने उत्तर दिले की सगळ्या मालकांचे मिळून एक मंडळ करा आणि कामगाराची नोंदणी तिथे ठेवा. जहाज आले नाही आणि कामगार हजर असूनही काम मिळाले नाही, तर त्या दिवसांसाठी किमान मजुरीची सोय योजनेत करता येत होती. बेकारीचा विमा यापेक्षा वेगळा काय असतो? महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडी कायदा केला, त्याची मांडणी याच धर्तीची. हमाल मंडळाकडे नोंदलेला, मालकही मंडळाकडे नोंदलेला. मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मालकाने मंडळात भरायची. आणि या कायद्यातही ठेकेदारामार्फत आलेल्या हमालाचा मालक म्हणजे मुख्य मालक, असे व्याख्येतच लिहून ठेवले. पाठीवर पोते वाहणाऱ्या, मस्टर कधी न पाहिलेल्या माणसाला भविष्य निर्वाह निधी आणि बोनस मिळू शकतो, हे या राज्याने देशाला दाखवले.

मग बिघडले कुठे?

१९७० मध्ये कंत्राटी कामगार कायदा आला. नाव नियमन आणि निर्मूलन, पण तो लागू व्हायचा २० किंवा अधिक कंत्राटी कामगार असतील तिथे. या कायद्याखाली ९ डिसेंबर १९७६ रोजी केंद्र सरकारने एक अधिसूचना काढली. केंद्राच्या अखत्यारीतल्या आस्थापनांत इमारतींची झाडलोट, सफाई आणि राखण ही कामे ठेक्याने देण्यास तिने बंदी घातली. या अधिसूचनेच्या आधारे मुंबईतल्या एअर इंडियाचे सफाई कामगार लढले. १९९६ मध्ये न्यायमूर्ती के. रामस्वामी यांच्या खंडपीठाने सांगितले, की ठेका बंद झाला म्हणजे मधला ठेकेदार निघून गेला, कामगार आपोआप मुख्य मालकाचा झाला.

हे टिकले जेमतेम पाच वर्षे. ३० ऑगस्ट २००१ रोजी स्टील ऑथॉरिटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने तो निकाल उलटवला. ठेक्यावर बंदी आली तरी कामगार आपोआप कायम होणार नाही. ठेका खोटा आहे असे म्हणणे असेल तर औद्योगिक न्यायालयात जा आणि सिद्ध करा. याच निकालाने १९७६ ची ती अधिसूचनाही पुढच्या काळासाठी रद्द ठरवली. १९४८ ने कामगाराच्या डोक्यावरून उतरवलेले ओझे २००१ ने पुन्हा चढवले. पुढच्या निकालांत तर पगार कोण देतो, रजा कोण मंजूर करतो, शिस्त कोण लावतो, असे प्रश्न विचारले जाऊ लागले. या सगळ्याचे कागद कोणाच्या कपाटात असतात? ठेकेदाराच्या आणि कंपनीच्या. कामगाराकडे असतो तो फक्त घामाने भिजलेला गेटपास.

हे ओझे किती जड असते ते मुंबईच्या कचरा कामगारांना विचारा. बहुसंख्य दलित असलेल्या या कामगारांनी १९९७ मध्ये कचरा वाहतूक श्रमिक संघ उभारला. ते महापालिकेचा कचरा महापालिकेच्या शहरात उचलत होते, पण कागदोपत्री ते कामगारच नव्हते. कधी त्यांना स्वयंसेवक म्हटले गेले, त्यांच्या मजुरीला मानधन म्हटले गेले. ठेके २० च्या आतल्या तुकड्यांत वाटले जात, म्हणजे १९७० चा कायदाच लागू नको. २०१४ मध्ये औद्योगिक न्यायाधिकरणाने हे ठेके निव्वळ देखावा असल्याचे ठरवले आणि एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २७०० कामगारांना कायम करण्याचा निर्णय उचलून धरला. संघटना होती, चिकाटी होती, वकील होते, तरी युनियनच्या स्थापनेपासून या निकालापर्यंत २० वर्षे गेली. एकट्या माणसाने काय करावे?

आणि लढाई जिंकेपर्यंत मैदान बदललेले असते. त्याच २०१७ च्या जानेवारीपासून महाराष्ट्राने कंत्राटी कामगार कायद्याची मर्यादा २० वरून ५० वर नेली. आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आहेत. विम्याच्या वर्गणीची पहिली जबाबदारी मुख्य मालकावर ठेवण्याचे जुने तत्त्व सामाजिक सुरक्षा संहितेत शिल्लक आहे, हे मान्य करू. पण मालक या शब्दाच्या व्याख्येत आता कंत्राटदारही बसला आहे. दुसऱ्या संहितेत मुख्य स्वरूपाच्या कामात ठेका चालणार नाही असे म्हटले, आणि मुख्य नसलेल्या कामांची यादी दिली. त्या यादीत सफाई आहे, राखण आहे, कॅन्टीन आहे, चढउतार आहे. १९७६ मध्ये ज्या कामांवरचा ठेका बंद केला होता, तीच कामे आज ठेक्यासाठी मोकळी सोडलेली आहेत. ती कामे कोणत्या जातींच्या वाट्याला येतात हे सांगायला जनगणनेची गरज नाही. नगरपालिका तर शहर स्वच्छ ठेवण्यासाठीच असते. तिच्यासाठीही सफाई दुय्यम काम ठरणार असेल तर मुख्य काम कोणते?

ॲपवरच्या डिलिव्हरी कामगाराचे तर आणखी पुढचे. संहितेने त्याची व्याख्याच मालक-कामगार नात्याबाहेरचा अशी केली. त्याच्या ॲपवाल्याला मालक न म्हणता ॲग्रिगेटर म्हटले आणि उलाढालीच्या १ ते २ टक्के वर्गणीवर त्याची सुटका केली.

हे फक्त इथेच घडते असे नाही. अमेरिकेत १९३५ मध्ये बेकारी विम्याची चौकट आली तेव्हा शेतमजूर आणि घरकामगार तिच्यातून वगळले गेले. दक्षिणेतले काळे कामगार बहुतांशी याच दोन कामांत होते. तिथे वर्ण, इथे जात. पण त्याच देशात कॅलिफोर्नियाने २०२० पासून बेकारी विम्यासाठी नियम केला, की राबणारा माणूस कामगारच धरायचा. तो कामगार नाही हे धंदेवाल्याने सिद्ध करायचे आणि त्याचे काम आपल्या नेहमीच्या धंद्याबाहेरचे आहे हेही दाखवायचे. दोरखंडाच्या खटल्यात १९७८ मध्ये जवळपास हेच सूत्र सांगितले गेले होते. तिथल्या ॲप कंपन्यांनी त्याच वर्षी जनमताने आपल्या चालकांपुरती पळवाट मिळवली, हेही विसरू नये.

आपल्याकडे सरसकट बेकारी विमा नाही. जे आहे ते ईएसआयच्या आधाराने. २००५ पासून राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना आहे, पण ती कारखाना बंद पडला किंवा कायदेशीर कपात झाली तर. ठेका संपलेल्याची कपात झाली असे कोण लिहून देणार? जुलै २०१८ मध्ये अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आली. तिचा दावा शेवटच्या मालकामार्फत पाठवावा लागे. करोनात लाखो लोक रस्त्यावर आल्यावर २०२० मध्ये ती अट काढली गेली आणि कामगाराला थेट शाखेत अर्ज करता येऊ लागला. म्हणजे ती सही मुळात गरजेची नव्हती.

कोणी म्हणतील, मालकावर इतके ओझे टाकले तर काम कोण देईल? ईएसआय १९४८ पासून आणि माथाडी कायदा १९६९ पासून चालत आला, त्याने महाराष्ट्रातले कारखाने आणि बाजार बंद पडले नाहीत. उद्योग देतो आहोत असे सांगून जबाबदारी झटकणाऱ्याला उद्योगपती म्हणावे की नवा जॉबर, हे वाचकांनीच ठरवावे.

आमची मागणी एका वाक्याची आहे. ज्याच्या धंद्यासाठी घाम गाळला तो मालक, आणि तो नाही हे त्याने सिद्ध करावे. सफाईपासून डिलिव्हरीपर्यंत ज्यांना एकच मालक दाखवता येत नाही, त्यांच्यासाठी माथाडीसारखे मंडळ करावे, म्हणजे बेकारीच्या दिवसांतही हक्काचे पैसे मागायला एक खिडकी असेल. कायदा बदलेपर्यंत आपण एवढे तरी करू. गेटपास, पगाराची चिठ्ठी, सुपरवायझरचे मेसेज, हजेरीचे फोटो जपून ठेवू. नोकरी असतानाच ईएसआय आणि पीएफच्या नोंदीत कोणत्या मालकाचे नाव आहे ते तपासू. आणि एकट्याने नव्हे, संघटनेने जाऊन विचारू. शिका, संघटित व्हा, संघर्ष करा, हा क्रम उगाच नाही.

जय भीम!