उसाचा हिशेब आणि समाजशास्त्र

नगर जिल्ह्यात लोणीला १९५० साली सहकारी साखर कारखाना उभा राहिला. विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकरी जमवले. धनंजयराव गाडगिळांनी अर्थशास्त्राची बैठक दिली. असा कारखाना चालतो कशावर? वेबर म्हणेल, नियमांवर आणि वह्यांवर. दुर्खीम म्हणेल, माणसांच्या परस्परावलंबनावर.

संगणकाचे प्रोग्राम रचणाऱ्याने कोणाचे ऐकावे? अशाच दुसऱ्या सहकारी कारखान्याच्या परिसरात, वारणेकाठी, १९९८ साली सत्तर गावांसाठी संगणक आले. बेत शेतीचे ज्ञान पोहोचवण्याचा होता. वापर मुख्यतः उसाच्या हिशेबाचा झाला. पुढे सात गावांत तेच काम मोबाइल-संदेशांनी भागवून पाहिले, आणि भागले.

वही कशी ठेवावी, हे वेबर शिकवतो. ती कोणाला कशासाठी हवी, हे मात्र दुर्खीमच्या वाटेने गावात जाऊनच कळते. आधी गाव, मग यंत्र!