जखम ओढतं कोण?

1916. फ्रान्समध्ये, काँपिएन्यच्या युद्धरुग्णालयात तुम्ही उभे आहात. ब्लीचिंग पावडरीसारखा वास नाकात चढतोय. डॉ. अलेक्सी कॅरेल यांच्या पद्धतीनं रबरी नळ्यांतून जखमांवर डेकिनचं जंतुनाशक द्रावण सोडणं चालू आहे. खाटेवरच्या सैनिकाच्या मांडीवर पारदर्शक कागद ठेवतात, पेन्सिल जखमेच्या कडेकडेनं फिरते. कॅरेल यांचे सहकारी पियेर लकाँत द्यु नुई त्या रेघेतलं क्षेत्रफळ यंत्रानं मोजतात आणि चार दिवसांच्या अंतरानं घेतलेल्या दोन मापांवरून जखम कधी भरेल ते सूत्रानं आधीच सांगतात! विशीतल्या गड्याचा आलेख झपाट्यानं उतरतो, चाळिशीतल्याचा रेंगाळतो. मधेच बिनसला तर जंतुसंसर्गाची शंका घ्यायची. सूत्र मोठं हुशार, पण जखमेची कड आत ओढतं कोण, यावर ते गप्प.

साठेक वर्षं ओलांडा. 1980च्या सुमाराचं अमेरिकेतलं चॅपल हिल, अल्बर्ट हॅरिस यांची प्रयोगशाळा. काचेवर सिलिकोनचं तेल पसरा, ज्योतीवरून क्षणभर फिरवा. वर साय धरते, जेमतेम एक मायक्रोमीटर जाडीची. खाली तेल तसंच. तिच्यावर कोंबडीच्या गर्भातल्या फायब्रोब्लास्ट, म्हणजे कोलॅजेनचे धागे विणणाऱ्या, पेशी सोडा आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावा. पेशी चिकटते, पसरते, आणि तिच्याखाली सायीला चुण्या पडतात. नुसतं सरपटायला एवढी ताकद कशाला? हॅरिस यांचं म्हणणं, ही ओढ भोवतालचे कोलॅजेनचे धागे रचायला लागते. (जखमेतल्या फायब्रोब्लास्टमध्ये स्नायूंसारखे तंतू असतात, हे गॅबियानी आणि सहकाऱ्यांनी 1971 मध्येच दाखवलं होतं.) 1983 मध्ये ऑस्टर, मरे आणि हॅरिस यांनी ही ओढ समीकरणांत बसवली: पेशी किती, धागे किती, बलांचा तोल कसा.

आता अशी समीकरणं घेऊन आजच्या संगणकापुढे बसा. जखमेचा गोल पेशींविना मोकळा सोडा, त्वचेला लवचिकपणा द्या, गणित चालू करा. कडेच्या पेशी आत शिरतात, धागे ओढतात, गोल आकसतो. छान! मग काम संपलेल्या पेशी मरू लागतात, प्रत्यक्षातही मरतात, आणि पडद्यावरची जखम पुन्हा फाकते. ओढ सुटली की लवचिक कातडी मागे जाणारच. गणित बिनचूक, निकाल हास्यास्पद. म्हणून अलीकडच्या काही प्रतिमानांत त्वचेचा मूळ आकारच बदलू देतात: ताणलेल्या स्थितीत नवं कोलॅजेन विणलं गेलं, की तोच तिचा नवा आकार. माझ्या मते या विषयातली खरी अक्कल इथे आहे, संगणकाच्या वेगात नाही.

भाजलेला हात बरा होताना बोटं आखडतात, त्यामागेही हीच ओढ असते. जखम वरून भरली तरी व्रण पुढे काही महिने आवळत राहू शकतो. तेव्हा बोटं आखडू नयेत म्हणून डॉक्टरांनी दिलेला स्प्लिंट त्यांना विचारल्याशिवाय काढून ठेवू नका.